शंका दूर करण्यासाठी: मुंबईच्या बारमध्ये स्त्रिया कशा आल्या

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, ‘महिला वकिलांवर दोन पानं द्या.’ मी अनुक्रमणिका मागवून पाहिली. उच्च न्यायालयाची स्थापना, इमारत, नामवंत बॅरिस्टर, गाजलेले खटले, ग्रंथालय, क्रिकेटचे सामने आणि शेवटी ‘महिला वकील’. क्रिकेटला चार पानं होती. मी विचारलं, ‘मग आधीची सगळी प्रकरणं पुरुष वकिलांची का?’ मंडळी हसली. त्या हसण्यातच उत्तर होतं, म्हणून दोन पानांचा हुकूम मी मानलेला नाही.

मुंबई उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झालं. ओव्हल मैदानासमोर आज दिसते ती काळ्या दगडाची इमारत १८७८ साली पुरी झाली. तिच्या माथ्यावर दोन पुतळे आहेत, एक न्यायाचा, दुसरा दयेचा. दोन्ही बायका. त्या दोघी वर चढल्या तेव्हा खाली एकही बाई वकील नव्हती आणि पुढची ४६ वर्षं नव्हती. पुतळ्यांची ही गंमत बारच्या प्रत्येक समारंभात कोणीतरी करतं. मीही केली आहे. इथे एकदा करून पुढे जाते.

बाई कोर्टात यायची ती पक्षकार म्हणून, तीही बहुधा कागदावरच. या न्यायालयात एका बाईच्या नावाने देशभर गाजलेला पहिला मोठा दावा म्हणजे दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. अजाण वयात लागलेलं लग्न आपल्याला बांधत नाही, असं रखमाबाईंचं म्हणणं. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी नवऱ्याचा दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात. तुरुंग पत्करेन, असं रखमाबाईंनी कळवलं. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा वकील त्यांच्या बाजूने होता, त्यामुळे बाजू दुबळी मांडली गेली असं म्हणता येणार नाही. तरी सगळी चर्चा, म्हणजे बाईने कोणाच्या घरी राहायचं ही चर्चा, एकूणएक पुरुषांच्या तोंडून झाली.

पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. कायद्याने एवढं पोळल्यावर त्यांनी कायदाच का शिकू नये, असा प्रश्न मला तरुणपणी पडायचा. उत्तर अगदी साधं आहे: ती वाटच नव्हती. १८८२ साली पुण्यात शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली, तेव्हा स्त्री शिक्षिका हव्यात, तपासनीस बायका हव्यात, स्त्री डॉक्टर तर हव्यातच, असं त्यांनी बजावलं. वकील बाई हवी असं कोणी म्हणालं नाही. परक्या पुरुषाला अंग दाखवायला बाई लाजते हे सरकारला पटत होतं. परक्या पुरुषाला आपला जमीनजुमल्याचा तंटा सांगायलाही ती तितकीच लाजते, हे सरकारला पटायला आणखी वीस वर्षं गेली. आणि ते पटवलं आपल्या नाशिकात जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या एका बाईने.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा. वडील पारशी, ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायच्या. कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री ठरल्या. गुणांच्या जोरावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे चालत यायला हवी होती. ती मिळाली नाही, कारण उमेदवार बाई आहे हे शिष्यवृत्ती ठरवताना कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मग इंग्लंडातल्या काही मंडळींनी, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, वर्गणी काढून त्यांना ऑक्सफर्डला आणलं. १८८९ साली त्या सोमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८९२ साली बी.सी.एल.च्या परीक्षेला बसल्या. पुरुषांबरोबर एकाच दालनात बसून पेपर लिहिण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी हातात पडली नाही, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदव्याच देत नव्हतं. ती मिळाली १९२२ साली. परीक्षा आणि पदवी यांच्यामध्ये ३० वर्षं. आमच्याकडे दिवाणी दाव्यांना एवढा वेळ लागतो, पण निदान मधे तारखा तरी पडतात.

परत आल्यावर त्यांनी जे काम हेरलं ते आजही मला थक्क करतं. संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या विधवा पडद्याआड बसायच्या. इस्टेट त्यांच्या नावावर, कारभार दिवाणाच्या हातात. वकील पुरुष, म्हणून तो आत जाऊ शकत नाही आणि बाई बाहेर येऊ शकत नाही. सही किंवा अंगठा मधल्या माणसामार्फत. तो मधला माणूस काय वाचून दाखवतो आणि कशावर अंगठा घेतो, हे देवालाच ठाऊक. कॉर्नेलियाबाई आत जाऊ शकत होत्या. काठेवाड आणि पंचमहालच्या एजन्सी कोर्टांत खास परवानगी काढून त्यांनी अशा बायकांची बाजू मांडली. एका संस्थानात तर हत्तीचीही मांडली, आणि निकाल आपल्या बाजूने लागला तो राजेसाहेबांच्या कुत्र्याला आपण आवडलो म्हणून, असं त्या स्वतःच सांगून गेल्या आहेत. वकिलीत कष्ट किती आणि नशीब किती, याचा याहून चांगला दाखला मी वाचलेला नाही.

१८९६ साली पुण्यात इंग्रज न्यायाधीशापुढे खुनाच्या खटल्यात त्या आरोपीच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. फौजदारी कायद्यात फट होती. कोर्टाच्या परवानगीने आरोपीची बाजू वकील नसलेली व्यक्तीही मांडू शकत होती. म्हणजे माणसाचा जीव वाचवायला बाई चालत होती. पाचशे रुपयांच्या वसुलीच्या दाव्यात वकीलपत्र घालायला मात्र नाही. सनद हवीच, म्हणून १८९७ साली त्यांनी मुंबईची एल्‌एल.बी. केली. सनद नाही. १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली आणि पास झाल्या. सनद नाही. शेवटी १९०४ साली बंगाल सरकारने त्यांना कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या कायदेशीर सल्लागार म्हणून नेमलं. पुढची सुमारे वीस वर्षं पालखी, होडी, हत्ती, मिळेल त्या वाहनाने फिरून त्यांनी शेकडो विधवा आणि अनाथ मुलांच्या इस्टेटी राखल्या. वकिलाचं काम सगळं केलं. वकील म्हणून नाव मात्र नोंदलेलं नाही.

त्यांचं राजकारण मला पटत नाही. त्या इंग्रजी राज्याच्या कट्टर बाजूच्या, गांधीजींच्या विरोधात, कॅथरिन मेयोच्या कुप्रसिद्ध पुस्तकाची पाठराखण करणाऱ्या. त्यामुळे आपल्याकडच्या सत्कारांत आणि जयंत्यांत त्यांचं नाव बराच काळ आलं नाही. ते यायला हवं. वकिलाचे विचार पटले तरच त्याची कैफियत वाचायची, अशी सवय आपल्याला नसावी.

आता कायद्याचा मुद्दा. आमच्या तरुण ज्युनियर्सना वाटतं की ‘बायकांनी वकिली करू नये’ असा एखादा कायदा होता आणि तो रद्द झाला. तसा कायदा कधीच नव्हता. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमध्ये लिहिलं होतं ‘व्यक्ती’, आणि पुढे त्या व्यक्तीसाठी पुल्लिंगी सर्वनाम. पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश होतो, हे जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने केव्हाच सांगून ठेवलं होतं, फक्त विषय किंवा संदर्भ आड येत नसेल तर. सगळी मेख त्या ‘तर’मध्ये.

१९१६ साली रेजिना गुहा या कलकत्त्याच्या कायदा पदवीधर तरुणीने अलीपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करण्यासाठी अर्ज केला. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे तो गेला. निर्णय असा झाला की बाई ‘व्यक्ती’ असेलही, पण कायदा करताना ज्या व्यक्ती डोळ्यांपुढे होत्या त्यांत ती नव्हती. आधार घेतला विलायतेतल्या बेब विरुद्ध लॉ सोसायटी या निकालाचा. तिथेही बाई सॉलिसिटर होऊ शकत नाही, कारण आजवर कोणी झाली नाही, असं ठरलं होतं. कोणी झाली नाही म्हणून होता येत नाही, आणि होता येत नाही म्हणून कोणी झाली नाही. एखाद्या शेतकरी पक्षकाराने साक्षीत असं गोल गोल बोलून पाहावं, उलटतपासणीत त्याची सालटी निघतील. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांनी पुन्हा प्रयत्न केला, मधुसूदन दास त्यांच्या बाजूने लढले. पाटण्यानेही नाहीच म्हटलं.

याच सुमारास मुंबईतली एक मायलेकींची जोडी दुसऱ्याच दारावर धडका देत होती. हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन. १९१९ साली हिंदी स्त्रियांना मताधिकार हवा हे ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे सांगायला दोघी लंडनला गेल्या. मिठनबाई तेव्हा २१ वर्षांच्या, एल्फिन्स्टन कॉलेजात अर्थशास्त्रात पहिल्या येऊन पदक मिळवलेल्या. काम काही महिन्यांचं होतं, मुक्काम चार वर्षांचा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस विलायतेत लिंगभेदाची आडकाठी काढणारा कायदा झाला आणि बॅरिस्टर होण्याच्या संस्था बायकांना खुल्या झाल्या. मिठनबाईंनी लिंकन्स इनमध्ये नाव घातलं, शिवाय लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. केलं. जानेवारी १९२३ मध्ये त्या बॅरिस्टर झाल्या. कॉर्नेलियाबाईही त्याच इनमधून त्याच वर्षी बॅरिस्टर झाल्या, वयाची पन्नाशी कधीच ओलांडल्यावर.

इकडे अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट १९२१ मध्येच कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून नोंदवून घेतलं होतं. म्हणजे एकाच देशात, एकाच कायद्याखाली, बाई अलाहाबादेत ‘व्यक्ती’ होती आणि पाटण्यात नव्हती. हा घोळ फार दिवस चालण्यासारखा नव्हता. नागपुरात वकिली गाजवलेले डॉ. हरिसिंग गौर यांनी १९२२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला आणि १९२३ साली लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्ट झाला. अगदी छोटा कायदा: केवळ बाई आहे म्हणून कोणीही वकिलीला अपात्र ठरणार नाही. त्याचं शीर्षक मला फार आवडतं. हक्क देण्यासाठी केलेला कायदा, असं त्यात म्हटलेलं नाही. स्त्रियांच्या वकिलीच्या हक्काबद्दलच्या शंका दूर करण्यासाठी केलेला कायदा, असं म्हटलं आहे. म्हणजे हक्क आधीपासून होताच, फक्त पाटण्याच्या आणि कलकत्त्याच्या न्यायमूर्तींना शंका होती! सरकारी मसुदाकाराने इतक्या सभ्यपणे न्यायाधीशांचा कान धरल्याचं दुसरं उदाहरण सांगता येणार नाही.

मिठनबाई मुंबईला परतल्या आणि १९२४ साली मुंबई उच्च न्यायालयात वकील म्हणून नोंदल्या गेल्या. या बारमधली पहिली स्त्री. भुलाभाई देसाईंच्या चेंबरमध्ये त्या काम शिकल्या. ग्रंथालयात बसल्या की माणसं दारातून डोकावून जायची. प्राणिसंग्रहालयात नवीन जनावर आणल्यासारखं वाटायचं, असं त्यांनी आठवणींत नोंदवलं आहे. त्यांच्या पहिल्या ब्रीफची हकीकत तर प्रत्येक ज्युनियरने पाठ करावी अशी. केस इतकी भक्कम होती की कोणीही जिंकली असती. मग आपल्याकडे का, असं त्यांनी विचारलं. पक्षकाराची इच्छा होती की विरोधकाला नुसतं हरवायचं नाही, एका बाईकडून हरवायचं. अपमानाचं व्याज वसूल करायचं होतं, आणि ते वसूल करायला मिठनबाईंना उभं केलं.

ही हकीकत मी हसत हसत पुष्कळदा सांगते, पण तिच्या खाली बारचं सगळं अर्थकारण आहे. मुंबईची ओरिजिनल साइड म्हणजे वेगळीच दुनिया. तिथे पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. तो सॉलिसिटरकडे जायचा, सॉलिसिटर ब्रीफ द्यायचा. ही दुहेरी पद्धत सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. म्हणजे सनद मिळून भागत नव्हतं. सॉलिसिटरच्या पेढीत आणि त्याहून जास्त त्याच्या मॅनेजिंग क्लार्कच्या मनात तुमचं नाव यायला हवं. ती नावं क्लबात, लग्नांत, रविवारच्या मॅचमध्ये मनात येत. (क्रिकेटला चार पानं का, हे लिहिता लिहिता मलाच उमगलं.) १९२३ च्या कायद्याने न्यायमूर्तींची शंका दूर केली. सॉलिसिटरची, कारकुनाची, पक्षकाराची शंका दूर करायला कोणता कायदा करणार?

कॉर्नेलियाबाईंनाही तोच अनुभव आला. कलकत्त्याला त्या बॅरिस्टर म्हणून बसल्या, तर काम यायचं ते कागदावर अभिप्राय लिहून देण्याचं. कोर्टात उभं राहायला दुसरा कोणी. मिठनबाईंनीही प्रत्यक्ष वकिली फार वर्षं केली नाही. लग्नानंतर त्या मिठन लाम झाल्या. त्यांनी कायदा शिकवला, अखिल भारतीय महिला परिषदेत आयुष्य घातलं आणि पारशी विवाह कायद्याच्या फेरविचारासाठी नेमलेल्या समितीवर काम केलं. त्यातून १९३६ चा पारशी विवाह व घटस्फोट कायदा आला. १९४७ साली त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या. आज शेरीफ म्हणजे पाहुण्यांचं स्वागत करणारी मानाची जागा, पण मुळात हा उच्च न्यायालयाचाच अधिकारी, हुकूमनामे बजावणारा. पहिलं ब्रीफ विरोधकाला खिजवण्यासाठी मिळालेल्या बाईंच्या नावे पुढे न्यायालयाचे हुकूम निघावेत, याची नोंद बारच्या इतिहासात असावी म्हणून इथे करते.

मधल्या काळातलं एक नाव न विसरता सांगायला हवं. १९४४ साली व्हायोलेट अल्वा यांनी उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे युक्तिवाद केला. देशात असा युक्तिवाद करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री वकील. पुढे त्या राज्यसभेच्या उपसभापती झाल्या आणि लोकांना त्या तेवढ्याच आठवतात.

मी सनद घेतली १९८० साली आणि पहिली पाच वर्षं एका तालुक्याच्या कोर्टात काढली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून ओळखीची आहेत. बार रूममध्ये लांब टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येक खुर्ची कोणाची ते ठरलेलं. मला मिळाली पुस्तकांच्या कपाटाला टेकवलेली, एक पाय आखूड असलेली. बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. कोर्टामागे एका शिपायाचं घर होतं, त्याची बायको मला परसदारी जाऊ द्यायची आणि वर चहा पाजायची. माझी पहिली फी म्हणाल तर तिचे चुलतभाऊ माझे पहिले पक्षकार. बोर्डावर मॅटर पुकारलं की मी उभी राहायची, आणि शेजारचे आजोबा विचारायचे, ‘बाई, वकीलसाहेब कधी येणार?’ मी बँड दाखवायची. ते म्हणायचे, ‘ते खरं, पण साहेब कधी येणार?’ त्यांचा राग मला आला नाही. ज्या सीनियरांनी एक अख्खी मुदत मला नुसत्या तारखा घ्यायला पाठवलं आणि साक्षीच्या दिवशी फाइल काढून घेतली, त्यांचा अजून येतो.

मुंबई उच्च न्यायालयाला पहिल्या महिला न्यायमूर्ती मिळाल्या त्या १९७८ साली, सुजाता मनोहर. त्या १९९४ साली या न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीचा १९९७ चा विशाखा निकाल देणाऱ्या तीन जणांच्या पीठावर त्या होत्या. त्यांच्यापुढे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ‘माय लॉर्ड’ म्हणताना माझी जीभ अडखळली. शेजारचा सहकारी कुजबुजला, ‘सवयीने म्हणायचं, मॅडम.’ जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट एकदाचा आमच्या बाजूने वळला होता: पुल्लिंगात स्त्री आली, फक्त तिला लॉर्ड व्हावं लागलं. १९८६ साली इंदिरा जयसिंग यांना सीनियर अ‍ॅडव्होकेट म्हणून मान मिळाला, या न्यायालयाने असा मान दिलेल्या त्या पहिल्या स्त्री. १८६२ पासून मोजलं तर १२४ वर्षं.

यात एक गोष्ट खटकत राहते. १९८४ च्या फॅमिली कोर्ट्‌स अ‍ॅक्टमध्ये न्यायाधीश नेमताना स्त्रियांना प्राधान्य द्यावं असं लिहिलेलं आहे. हेतू चांगला. पण कॉर्नेलियाबाईंना आत घेताना सरकारने जे गृहीत धरलं होतं, की बाईची बाई बरी, तेच इथे पुन्हा आहे. माझ्या ज्युनियर मुली सांगतात की पक्षकार आला की घटस्फोट आणि पोटगीची फाइल त्यांच्या टेबलावर येते. कंपनीची, जमिनीची, कराची फाइल पलीकडच्या टेबलावर जाते. त्यातल्या एकीने गेल्या वर्षी लवादाच्या कामात चांगलं नाव कमावलं. तिला विचारलं, कसं जमलं? म्हणाली, ‘मॅडम, पहिलं ब्रीफ विरोधकाने दिलं. आमच्याविरुद्ध ती हरली पण तयारी चांगली होती, म्हणून पुढच्या वेळी आमच्या बाजूने हवी, असं म्हणाले.’ मिठनबाईंना हे ऐकायला आवडलं असतं.

हे लिहीत असताना एक वकीलपत्र भरायला समोर आलं. छापील फॉर्म, जुना साठा, अजून शंभर-दोनशे शिल्लक आहेत. त्यावर वकिलाच्या नावाआधी ‘श्री.’ छापलेलं आहे. चाळीस वर्षं मी त्यातलं टिंब खोडते आणि पुढे ‘मती’ जोडते. ज्युनियर म्हणाली, ‘नवे छापून घेऊ या ना.’ मी म्हटलं, आधी हे संपू दे.